नाजूक रेघेचं अक्षर: ब्रँडला रॉयल लूक देतं, पण पाउचवर टिकेल का?



लोगोवरच्या व्हिडिओखाली एक प्रश्न पुन्हापुन्हा येतो. "सर, मोठ्या फॅशन ब्रँडसारखं ते जाड-बारीक रेघांचं अक्षर असतं ना, ते आमच्या ब्रँडला वापरू का?" कुणी मेणबत्त्या करतं, कुणी चॉकलेट, कुणी पैठणीचे ब्लाउज शिवतं, कुणी उटणं विकतं. सगळ्यांना तोच लूक हवा असतो.

माझं उत्तर आहे, वापरा. पण आधी हे अक्षर कसं बनलंय आणि कशावर छापलं तर टिकतं ते समजून घ्या. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. डबे, पाउच, स्टिकर, रिबिनी. रोज कुणी ना कुणी नव्या ब्रँडचं लेबल घेऊन काउंटरवर येतं. मोबाइलवर सुंदर दिसणारं नाव पाउचवर आल्यावर अर्धं गायब झालेलं मी इतक्या वेळा बघितलंय, की त्यावर सविस्तर लिहायचंच होतं.

हे अक्षर ओळखायचं कसं?

तीन खुणा लक्षात ठेवा.

पहिली, रेघांच्या जाडीत मोठा फरक. उभी रेघ भरदार आणि आडवी रेघ केसासारखी बारीक. डिझायनरच्या भाषेत याला हाय कॉन्ट्रास्ट म्हणतात. इथे कॉन्ट्रास्टचा रंगाशी काही संबंध नाही, जाड आणि बारीक यातलं अंतर एवढाच अर्थ.

दुसरी, रेघेच्या टोकाला असलेली छोटी आडवी पट्टी. तिला सेरिफ म्हणतात. साध्या, बिनपट्टीच्या अक्षराला सॅन्स सेरिफ म्हणतात. या घराण्यात ही पट्टीसुद्धा अगदी पातळ आणि सरळ असते.

तिसरी, हे डिस्प्ले अक्षर आहे. म्हणजे मथळ्यासाठी, नावासाठी, पोस्टरसाठी. परिच्छेदासाठी नाही. डिस्प्ले हा शब्द फॉन्टच्या नावातच असतो आणि आपण तो वाचतच नाही!

बोडोनी आणि डिडो ही या घराण्यातली मोठी नावं. फुकटात मिळणारं आणि म्हणून सगळीकडे दिसणारं नाव म्हणजे प्लेफेअर डिस्प्ले. क्लाउस एगर्स सोरेनसेन या डॅनिश डिझायनरने ते काढलं आणि 2011 पासून ते गूगल फॉन्ट्सवर आहे.

बारीक रेघेमागे एका धंदेवाल्याचे पैसे होते

थोडा इतिहास बघू. परीक्षेसाठी नाही, यातच आपल्या कामाचा धडा आहे.

18व्या शतकात इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये जॉन बास्करव्हिल नावाचा माणूस होता. जन्म 1706 चा. सुरुवातीला तो सुंदर अक्षर शिकवायचा, दगडावर अक्षरं कोरायचा. मग लाखेसारखं चकचकीत लुकण लावलेल्या ट्रे आणि डब्यांचा धंदा केला आणि त्यात भरपूर कमावलं. ते पैसे त्याने 1750 च्या सुमारास छपाईत घातले. त्याला त्या काळच्या पुस्तकांपेक्षा जास्त धारदार, जास्त नाजूक अक्षर हवं होतं.

आता बघा, त्याने फक्त अक्षराचे खिळे बनवले आणि थांबला असं झालं नाही. त्या काळचा कागद खरबरीत, शाई फिकट आणि पसरणारी. त्यावर बारीक रेघ छापली तर ती फुगणार किंवा तुटणार. म्हणून त्याने शाई सुधारली, प्रेस जास्त घट्ट आणि सपाट बसेल अशी केली, नवा गुळगुळीत कागद वापरला, आणि छापलेलं पान गरम पत्र्यांमध्ये दाबून त्याला चकाकी आणली. 1757 मध्ये त्याचं पहिलं मोठं पुस्तक आलं, रोमन कवी व्हर्जिलच्या कविता.

म्हणजे नाजूक अक्षर आधी आलं आणि छपाई नंतर जुळवली, असं नव्हतं. अक्षर, शाई, कागद, मशीन हे एकत्र आलं तेव्हाच ती रेघ उभी राहिली. आपण आज नेमकी हीच गोष्ट विसरतो. अक्षर मोबाइलवर निवडतो आणि छपाई मिळेल त्या ठिकाणी, मिळेल त्या दरात करतो.

बास्करव्हिलच्या पुढचं पाऊल इटलीत आणि फ्रान्समध्ये पडलं. पार्मा शहरात जाम्बातिस्ता बोडोनी ड्यूकचा छापखाना सांभाळायचा, आणि पॅरिसमध्ये डिडो घराण्याचा छपाईचा पिढीजात व्यवसाय होता. या दोघांनी फरक आणखी ताणला. जाड रेघ अजून जाड, बारीक रेघ केसाइतकी. बोडोनी 1813 मध्ये गेला. त्याच्या अक्षरांचा नमुनाग्रंथ त्याच्या पत्नीने 1818 मध्ये दोन खंडांत पूर्ण करून छापला. आजच्या भाषेत सांगायचं तर तो त्याचा कॅटलॉग.

19व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींचा जोर वाढला. लांबून दिसायला हवं, म्हणून याच अक्षराची जाड रेघ इतकी फुगवली की त्याला फॅट फेस असं नाव पडलं. दरबारातलं अक्षर थेट भिंतीवरच्या जाहिरातीत आलं!

मग हे महाग का वाटतं?

बीबीएला आम्हाला शिकवलं होतं की गिऱ्हाईक वस्तू हातात घेण्याआधीच किंमतीचा अंदाज बांधतं. अक्षर त्या अंदाजाचा भाग असतं.

या अक्षरामागे दोन गोष्टी काम करतात. पहिली म्हणजे सवय. व्होग मासिकाचं नाव डिडोच्या घराण्यातल्या अक्षरात असतं. हार्पर्स बझार मासिकासाठी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन डिझायनर जोनाथन हेफ्लरने डिडोचं खास रूप काढलं. झाराने 2019 मध्ये लोगो बदलला तोही याच वळणाचा, अक्षरं एकमेकांत घुसलेली. वर्षानुवर्षं ही अक्षरं अत्तर, दागिने, कपडे यांच्यासोबत बघून डोळ्याला सवय झाली की हे दिसलं म्हणजे भारी काहीतरी.

दुसरी गोष्ट छपाईची. बारीक रेघ स्वच्छ छापायला चांगला कागद आणि चांगलं मशीन लागतं. ती स्वच्छ उमटली की माल जपून बनवलाय असं वाटतं. पण हेच उलटंही चालतं. रेघ तुटली, पसरली, की तेच अक्षर सगळ्यात आधी स्वस्त दिसतं. साधं जाड अक्षर खराब छपाईत तरून जातं. हे तरत नाही.

रेघ कुठे मरते?

आता धंद्याची गोष्ट. तुमचं नाव कुठे-कुठे छापलं जाणार आहे त्याची यादी डोळ्यासमोर आणा.

*थर्मल प्रिंटर:* बिल आणि बारकोडचं स्टिकर काढणारे बरेचसे प्रिंटर एका इंचात 203 ठिपके टाकतात. म्हणजे एक ठिपका साधारण 0.125 मिलिमीटरचा. आता धरा, तुमच्या अक्षराची बारीक रेघ उंचीच्या चाळिसाव्या भागाइतकी आहे आणि स्टिकरवर अक्षर 3 मिलिमीटर उंच आहे. रेघ झाली 0.075 मिलिमीटर, एका ठिपक्यापेक्षा कमी. प्रिंटर एक तर ती गाळणार, नाही तर पूर्ण ठिपका टाकून जाड करणार. दोन्हीत तुमचं अक्षर राहिलं नाही.

*क्राफ्ट पेपरचा पाउच:* तपकिरी खरबरीत कागद शाई पितो आणि रेघेच्या कडा पसरतात. शिवाय रंग आधीच गडद, त्यामुळे पातळ रेघ उठून दिसत नाही.

*गडद रंगावर पांढरं नाव:* डिझाइनमध्ये फार देखणं. पण छापताना आजूबाजूची शाई त्या पांढऱ्या फटीत शिरते आणि बारीक रेघ बुजते. पांढऱ्यावर काळी रेघ जितकी बारीक चालते, तितकी काळ्यावर पांढरी चालत नाही.

*सोनेरी फॉइल:* जाड भाग लखलखतो, बारीक रेघ मधेच तुटते किंवा शेजारच्या रेघेला चिकटते. जाड, गुळगुळीत कार्डावर जमतं. पातळ किंवा खरबरीत मालावर भरवसा नाही.

*एम्ब्रॉयडरी:* टी-शर्ट, एप्रन, कापडी पिशवी. धाग्यालाच जाडी असते. केसाएवढी रेघ शिवता येत नाही, ती जाडच होणार.

*दुकानाची पाटी:* अॅक्रिलिकची अक्षरं कापताना बारीक भाग तुटतो. एलईडीची अक्षरं करायची असतील तर रेघेच्या पोटात दिवा बसायला जागा लागते. बारीक रेघेला पोटच नसतं!

*मोबाइलचा डीपी:* इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप बिझनेस, गूगल मॅप. तुमचं नाव तिथे नखाएवढं दिसतं.

माझ्या मागच्या बॅचमधल्या एका ताईंचं सांगतो. नाचणीच्या कुकीज करतात, चव खरंच छान. नाव इंग्रजीत, याच वळणाच्या अक्षरात, क्राफ्ट पाउचवर सोनेरी रंगात. नावात एच आणि ई ही अक्षरं होती. पाउच छापून आले तेव्हा एचची मधली दांडी दिसेना आणि ईच्या तिन्ही काड्या गायब. उरल्या नुसत्या उभ्या दांड्या. प्रदर्शनात लोकांनी कुकीज खाल्ल्या, पाउच घरी नेले. नंतर ऑर्डर द्यायला काही जणांनी इन्स्टाग्रामवर नाव शोधलं ते चुकीच्या स्पेलिंगने, आणि त्यांना ताई सापडल्याच नाहीत. ज्यांच्याकडे फोन नंबर होता त्यांनी फोन करून विचारलं, "तुमचं नाव नक्की काय हो?" माल आवडलेलं गिऱ्हाईक परत यायला तयार होतं, पण दार सापडत नव्हतं. ताईंनी राहिलेल्या पाउचवर पांढरा स्टिकर लावून तो लॉट संपवला. पुढच्या छपाईत तेच अक्षर ठेवलं, फक्त बोल्ड वजनात, मोठ्या आकारात आणि पांढऱ्या लेबलवर गडद तपकिरी रंगात. आता नाव लांबूनही वाचता येतं.

बघा, अक्षर बदललं नाही. जाडी, आकार आणि ज्यावर छापायचं ते बदललं.

तुमच्या नावात कुठली अक्षरं आहेत?

ही गोष्ट फार कमी लोक तपासतात. इंग्रजी नाव असेल तर मोठ्या लिपीतली ही अक्षरं बघा.

ई आणि एफ: सगळ्या आडव्या काड्या बारीक. त्या गेल्या की दोन्ही आयसारखी दिसतात.
एच: मधली दांडी बारीक. ती गेली की दोन सुटे खांब.
एन: गंमत बघा, इथे उभ्या रेघाच बारीक आणि तिरपी जाड. उभ्या गेल्या की एक तिरपा फराटा उरतो.
ए: डावी बाजू आणि मधली दांडी बारीक.
ओ: वरचा आणि खालचा भाग बारीक. तो गेला की दोन कंस समोरासमोर.

नावात अशी अक्षरं जास्त असतील तर बोल्ड वजन घ्या किंवा नाव मोठं ठेवा.

एकच अक्षर सगळ्या आकारांना चालत नाही

जुने खिळे बनवणारे कारागीर हे जाणून होते. लहान आकाराचे खिळे वेगळे कोरायचे, त्यात बारीक रेघ थोडी जाड ठेवायचे. मोठ्या आकारात ती पातळ करायचे. कॉम्प्युटर आल्यावर आपण एकच फाइल ओढून लहान-मोठी करायला लागलो आणि हे भान सुटलं.

हेफ्लरच्या त्या डिडोमध्ये म्हणूनच वेगवेगळ्या आकारांसाठी सात वेगळी रूपं काढलेली आहेत. फुकटातल्यांमध्ये बोडोनी मोडा आहे, त्यात आकाराप्रमाणे रेघ बदलण्याची सोय आहे. ही सोय ऑप्टिकल साइझ या नावाने शोधा.

प्लेफेअर डिस्प्ले घेतलंत तर आणखी एक गोष्ट. त्याचे आकडे मुळात जुन्या पद्धतीचे आहेत, काही वर, काही रेषेखाली लोंबणारे. मजकुरात ते गोड दिसतात. पण दरपत्रकात 350 आणि 475 लिहिलं की आकडे नाचल्यासारखे वाटतात. एका रेषेतले आकडेही त्या फॉन्टमध्ये आहेत, पण ते सेटिंगमधून निवडावे लागतात आणि प्रत्येक अॅपमध्ये ती सोय नसते. सोपा मार्ग म्हणजे किंमत साध्या फॉन्टमध्ये लिहा. आणि रुपयाचं चिन्ह टाइप करून बघायला विसरू नका.

पाटी मराठीत हवी, मग देवनागरीचं काय?

महाराष्ट्रात दुकान टाकणार असाल तर हा भाग दोनदा वाचा. 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे. दुसरी भाषा लिहिता येते, पण मराठी अक्षरं तिच्यापेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे तुमच्या ब्रँडचा चेहरा निम्मा तरी देवनागरी आहे. इंग्रजीवर महिनाभर विचार आणि मराठी नाव पाटीवाल्याकडे असेल त्या फॉन्टमध्ये, असं करू नका.

प्लेफेअर डिस्प्लेमध्ये देवनागरी नाही. तुम्ही त्यात मराठी टाइप केलंत तर अक्षरं उमटतील, पण ती दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टची. अॅप गुपचूप बदली खेळाडू उतरवतं.

देवनागरीलाही जाड-बारीक रेघ नवी नाही. बोरूने लिहिताना ती आपोआप यायची, कारण बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे जुने ग्रंथ कुठे बघायला मिळाले तर जरूर बघा, त्या खिळ्यांना हे वळण आहे. मात्र इंग्रजी आणि देवनागरीत जाड भाग एकाच जागी पडत नाही, कारण लेखणीचा कोन वेगळा. म्हणून इंग्रजी अक्षराची नक्कल करून मराठी अक्षर काढलं की ते लंगडं दिसतं. मुळात देवनागरी म्हणूनच काढलेलं घ्या.

फुकट आणि धंद्यासाठी चालणारे पर्याय सांगतो:

रोझा वन: अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचं. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही एकाच फॉन्टमध्ये, दोन्हीत जाड-बारीक फरक भरपूर. ते आपल्या फॅट फेसच्या घराण्यातलं आहे. भरदार आहे, एकाच वजनात मिळतं, मोठ्या नावालाच वापरा. मिठाई, लग्नाचे कपडे, दागिने यांना शोभतं.

टिरो देवनागरी मराठी: पुस्तकी, शांत वळण. मराठी पद्धतीचे ल आणि श यात मुळातच आहेत.

मुक्ता: मुंबईच्या एक टाइपचं. साधं, स्वच्छ, अनेक वजनांत. खालच्या मजकुरासाठी.

कुठलाही देवनागरी फॉन्ट घेताना चार गोष्टी बघा. ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी? तुमच्या नावातली जोडाक्षरं नीट जुळतात का? रफार आणि मात्रा वरच्या ओळीला धडकतात का? आणि शिरोरेघ किती पातळ आहे? देवनागरीत शिरोरेघ शब्द बांधून ठेवते. ती लांबून दिसेनाशी झाली की शब्द विस्कटतो.

मोठं एकच, बाकी साधं

वापरायचा नियम एका ओळीत सांगतो: नाजूक अक्षर फक्त नावाला, बाकी सगळं साध्या अक्षरात.

पाउचवर ब्रँडचं नाव या अक्षरात, मोठं. घटक, वजन, एमआरपी, तारीख, पत्ता, एफएसएसएआय नंबर हे साध्या सॅन्स सेरिफमध्ये. ही माहिती सजावट नाही. पॅकबंद मालासाठी 2011 चे नियम आहेत, त्यात कमीत कमी अक्षराचा आकारही ठरवून दिलाय. ती वाचता आली नाही तर प्रश्न लूकचा राहत नाही, नोटीस येऊ शकते.

पाटीसाठी बोर्डवाले एक ढोबळ हिशेब वापरतात: दर 10 फूट अंतराला 1 इंच उंचीचं अक्षर. रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक 40 फुटांवर असेल तर किमान 4 इंच. हा हिशेब साध्या अक्षराचा. बारीक रेघेच्या अक्षराला त्याहून मोठा आकार द्या.

आणि स्वतःला विचारा, हा लूक माझ्या मालाला बसतो का? अत्तर, चॉकलेट, बुटीक, मेकअप स्टुडिओ, वेडिंग प्लॅनर, गिफ्ट हॅम्पर यांना बसतो. मिसळ, हार्डवेअर, टायर पंक्चर, ट्यूशन क्लास यांना गरज नाही. उलट 60 रुपयांच्या मिसळीवर हे अक्षर बघून गिऱ्हाईक "इथे महाग असेल" म्हणून पुढे जाईल.

फुकट म्हणजे नक्की किती फुकट?

गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली असतात, वर सांगितलेलेही. लोगो, लेबल, पाटी, वेबसाइट, सगळीकडे वापरा, पैसे द्यावे लागत नाहीत. फक्त ती फॉन्टची फाइलच स्वतंत्र विकायला काढू नका.

अडचण येते इतर साइटवरून उचललेल्या फॉन्टची. तिथे डाउनलोड फुकट, पण बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फक्त वैयक्तिक वापरासाठी. तुमचा पाउच हा वैयक्तिक वापर नाही. डिझायनरला सरळ विचारा, "फॉन्टचं नाव काय आणि लायसन्स काय?" उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. धंदा लहान असताना हे कुणी बघत नाही. ब्रँड मोठा झाला की बघतात, आणि तेव्हा लोगो बदलणं महागात पडतं.

छापायला देण्याआधी पाच कामं

1. *खऱ्या आकारात प्रिंट काढा.* स्क्रीनवर 400 टक्के झूम करून बघू नका. लेबल 5 सेंटीमीटरचं असेल तर 5 सेंटीमीटरचंच काढा, हातभर अंतरावर धरा.

2. *खऱ्या मालावर नमुना मागा.* पाउच असेल तर पाउचवरच. नाही म्हणाले तर थोड्या नगांची डिजिटल छपाई करून घ्या. रोटोग्रॅव्हुअर पाउचमध्ये प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनतो. तो एकदा बनला की नाव बदलायला पुन्हा सिलिंडरचा खर्च.

3. *किती बारीक रेघ चालते ते विचारा.* "तुमच्या मशीनवर किती पातळ रेघ स्वच्छ येते? आणि गडद रंगावर पांढरी असेल तर?" चांगला प्रेसवाला लगेच आकडा सांगतो.

4. *फाइल कर्व्ह करून द्या.* आपल्याकडे बरेच प्रेसवाले कोरलड्रॉवर काम करतात. त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट नसेल तर अक्षर बदलतं, देवनागरीची जोडाक्षरं तर हमखास तुटतात. कोरलमध्ये अक्षर निवडून कंट्रोल क्यू दाबलं की ते चित्र होतं, मग फॉन्ट लागत नाही. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा.

5. *नाव न सांगता वाचायला द्या.* घरच्यांना नको, त्यांना तुमचं नाव पाठ आहे. शेजारच्या दुकानदाराला, रिक्षावाल्या काकांना, वयस्कर गिऱ्हाइकाला. तीन सेकंद दाखवा आणि विचारा, "काय लिहिलंय?"

या पाचव्या कामावर एक खरी गोष्ट सांगतो. बास्करव्हिलच्या अक्षरावर लंडनमध्ये टीका व्हायची की रेघा इतक्या बारीक आहेत की वाचून डोळे जातील. बेंजामिन फ्रँकलिन बास्करव्हिलचा चाहता. अशीच टीका करणाऱ्या एका गृहस्थाला त्याने एक नमुनापान दाखवलं आणि चुका दाखवायला सांगितलं. त्या गृहस्थाने पानभर चुका काढल्या, बघूनच डोळे दुखतात म्हणाला. प्रत्यक्षात ते पान विल्यम कॅस्लनच्या अक्षराचं होतं, जे तो गृहस्थ स्वतः रोज वाचत होता! फ्रँकलिनने वरचं नाव फाडून टाकलं होतं. 1760 च्या सुमारास त्याने हा किस्सा बास्करव्हिललाच पत्रातून कळवला.

तेव्हा "हे अक्षर कसं वाटतं?" असं कुणालाही विचारू नका. लोक ऐकीव मत देतात. मतं गोळा करण्यापेक्षा वाचायला द्या. तिसऱ्या सेकंदाला नाव बरोबर आलं तर अक्षर पास.

आजचा गृहपाठ

तुमचं नाव तीन फॉन्टमध्ये लिहा: एक नाजूक रेघेचं, तेच बोल्ड वजनात, आणि एक साधं. तिन्ही 2 सेंटीमीटर रुंदीत छापा. मग त्या कागदाची झेरॉक्स काढा, आणि त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स. खराब छपाईत काय होईल याचा अंदाज पाच-सहा रुपयांत मिळतो. दुसऱ्या झेरॉक्सवरही जे नाव वाचता येतं, ते पाउचवर घ्यायला हरकत नाही. मेणबत्तीवाल्या, चॉकलेटवाल्या, ब्लाउजवाल्या ताई-दादांनो, तुमच्यासाठी हा लूक जमण्यासारखा आहे. फक्त हजार पाउचच्या ऑर्डरवर सही करण्याआधी ही झेरॉक्स काढा.

तिन्ही नमुन्यांचा फोटो कमेंटमध्ये टाका, सोबत कशावर छापणार आहात तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातली काही लेबलं घेऊन बसू आणि रेघेरेघेने बघू. भेटू या!